संज्ञा आणि छाया : मनाची प्रत आणि ‘मी’पणाचा प्रश्न

१. एका विद्यार्थिनीचा प्रश्न

पुराकथा आणि आधुनिक साहित्य हा घटक पदवीच्या वर्गाला मी बरीच वर्षे शिकवीत आहे. गेल्या वर्षी तास संपल्यावर एक विद्यार्थिनी मागे थांबली. डिचोली तालुक्यातल्या एका खेड्यातली ही मुलगी. तिची आई वर्षापूर्वी वारली. भाऊ जहाजावर नोकरीला. आईने त्याला पाठवलेले ध्वनिसंदेश त्याने जपून ठेवले होते. चारपाच वर्षांचे ते संदेश त्याने संगणकाच्या एका प्रणालीत घातले आणि आता फोनवर आई ‘बोलते’. शेजाऱ्यांची नावे तिला ठाऊक आहेत, हुमणात किती सोले घालायची ते ती सांगते, मुलीला घरच्या नावाने हाक मारते.

मुलीने विचारले ते कोकणीत. त्याचा आशय असा : “मॅडम, ती आई नव्हे हे मला कळते. पण ती माझे नाव अगदी आईसारखे घेते. मी ओ द्यावी की नाही?”

त्या दिवशी मी तिला “उद्या बोलू” एवढेच म्हणाले. प्रश्न टाळण्याचा हेतू नव्हता, उत्तर जवळ नव्हते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या ‘उद्या’चे बोलणे आहे. माणसाच्या मनाची प्रत निघू शकेल काय, आणि निघाली तर ती प्रत म्हणजे तोच माणूस काय, हा प्रश्न आज संगणकशास्त्राच्या वर्गात विचारला जातो. परंतु तो साहित्याच्या वर्गातला जुना प्रश्न आहे, आणि पेडणे-डिचोलीच्या देवळांत, जत्रांत व कथांत त्याची उत्तरे विखुरलेली आहेत. ती एकत्र मांडून पाहावीत, एवढाच या लेखाचा हेतू.

२. आधी शब्द पाहू

विचार करताना आपली भाषा आपल्याला काय देते, हे आधी तपासावे. इंग्रजीत ‘कॉपी’ या एका शब्दात जे कोंबले जाते त्यासाठी मराठीत निदान पाच शब्द आहेत, आणि ते एकमेकांचे पर्याय नव्हेत.

पहिला शब्द ‘प्रत’. पोथीची प्रत, पुस्तकाची प्रत. प्रत काढल्याने मूळ पोथी कमी होत नाही, आणि दोन्ही प्रती एकाच वेळी दोन घरांत वाचल्या जाऊ शकतात. लेखनिकाच्या हातून मात्र चुका होतात. म्हणून संशोधक प्रती ताडून पाहतो आणि पाठ ठरवतो.

दुसरा शब्द ‘नक्कल’. मामलेदार कचेरीतून आपण एक-चौदाच्या उताऱ्याची नक्कल आणतो. तिच्यावर शिक्का आणि सही नसेल तर अक्षर न् अक्षर बरोबर असूनही तिला किंमत नसते. म्हणजे नकलेचा खरेपणा तिच्या सारखेपणातून येत नाही, तिची जबाबदारी घेणाऱ्या सहीतून येतो.

तिसरा शब्द ‘सोंग’. सोंगाच्या आत सोंग घेणारा असतो. राजाचे सोंग उतरले की खाली नट उरतो.

चौथा ‘अवसर’. येथे माणूस दुसऱ्याचे रूप घेत नाही. दुसरा कोणी त्याच्या देहात येऊन बोलतो, अशी श्रद्धा असते. याच्या उलट बाजूला ‘परकायाप्रवेश’ आहे : आपण आपला देह सोडून दुसऱ्याच्या देहात जाणे.

पाचवा शब्द ‘छाया’. त्याच्याकडे शेवटी येऊ.

या पाचही शब्दांना तीन प्रश्न विचारता येतात. आता एकूण किती जण आहेत? मूळ कोठे आहे? आणि झाल्या गोष्टीला उत्तरदायी कोण? तिसरा प्रश्न सहसा विचारला जात नाही. माझ्या मते उलगडा त्याच प्रश्नापाशी होतो.

३. डोके की धड

डिचोली तालुक्यातल्या आमोण्याला बेताळाचे देवस्थान आहे. गोव्यात बेताळ हा गावाचा राखणदार. संस्कृत कथावाङ्मयात मात्र तो विक्रमाच्या खांद्यावर बसून कोडी घालणारा आहे. अकराव्या शतकातील सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त ही वेताळकथांची माळ सापडते आणि मराठी मुद्रणाच्या सुरुवातीच्या काळात ती ‘वेताळ पंचविशी’ म्हणून मराठीत आली. तिच्यातली एक कथा आपल्या विषयाची आहे.

मदनसुंदरी आपला नवरा आणि भाऊ यांच्यासह देवीच्या देवळापाशी येते. नवरा आत जाऊन देवीला आपले शिर वाहतो. त्याला शोधायला गेलेला भाऊही तेच करतो. ती गळफास लावून घेणार, तोच देवी प्रसन्न होते आणि शिरे धडांना लाव म्हणते. घाईत तिच्या हातून शिरांची अदलाबदल होते. आता तिचा नवरा कोण? राजा उत्तर देतो : ज्याच्या धडावर नवऱ्याचे शिर तोच नवरा, कारण शिर हे सर्व अवयवांत श्रेष्ठ.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने १६९४ साली हाच प्रश्न वेगळ्या पोशाखात मांडला. राजपुत्राची जाणीव आणि आठवणी चांभाराच्या देहात उतरल्या तर तो माणूस कोण? लॉकचे उत्तर राजाच्या उत्तराच्या जवळचे आहे : ज्याला राजपुत्राची कृत्ये स्वतःची म्हणून आठवतात तो राजपुत्र. जाणीव जेथवर मागे पोहोचते तेथवर ‘मी’. आज मनाची प्रत काढू म्हणणारे जवळजवळ सगळे या उत्तरावर उभे आहेत. आठवणी उतरवल्या म्हणजे माणूस उतरला, असे त्यांचे गृहीतक आहे.

या उत्तराला दोन हरकती आहेत. पहिली स्कॉटिश तत्त्वज्ञ टॉमस रीड याची, १७८५ ची. लहानपणी बागेत चोरी करून मार खाल्लेला एक मुलगा पुढे शूर अधिकारी होतो आणि म्हातारपणी सेनापती होतो. अधिकाऱ्याला मुलगा आठवतो, सेनापतीला अधिकारी आठवतो, पण सेनापतीला तो मार आठवत नाही. मग लॉकच्या हिशेबाने सेनापती हा तो मुलगा आहेही आणि नाहीही.

दुसरी हरकत नाटककाराची आहे. गिरीश कार्नाडांनी याच कथेवरून, आणि टॉमस मान यांच्या १९४० च्या लघुकादंबरीवरून, ‘हयवदन’ रचले. ते मराठीत आणले तेरेखोल नदीपलीकडच्या वेंगुर्ले भागात जन्मलेल्या चिं. त्र्यं. खानोलकरांनी. नाटकात ऋषी निर्णय राजासारखाच देतो : शिर ज्याचे, माणूस तो. पण धड ऐकत नाही. देवदत्ताच्या शिराखाली कपिलाचे बळकट शरीर हळूहळू मऊ पडते. तिकडे कपिलाला अशा आठवणी छळतात ज्या त्याच्या डोक्याने कधी अनुभवलेल्याच नाहीत. त्या देहाच्या आठवणी आहेत. म्हणजे डोक्यातले सगळे उतरवून घेतले तरी काहीतरी मागे राहते, अशी शंका नाटककाराने उभी केली.

४. प्रवेश आणि प्रत

आपल्या परंपरेत दुसऱ्या देहात जाण्याच्या कथा पुष्कळ आहेत. शंकराचार्यांनी अमरुक राजाच्या मृत देहात प्रवेश केल्याची कथा प्रसिद्ध आहे. ‘नवनाथ भक्तिसार’ या १८१९ सालच्या ग्रंथात मच्छिंद्रनाथ त्रिविक्रम राजाच्या देहात राहतात. पेडणे भागाला नाथपरंपरा परकी नाही. सोहिरोबानाथ आंबिये यांचे घराणे पेडण्यातील पालये गावचे. विर्नोड्याचे शासकीय महाविद्यालय त्यांच्या नावाने चालते.

या कथा शेजारी ठेवून वाचल्या तर तीन गोष्टी ध्यानात येतात. एक, मूळ देह सुरक्षित ठेवावा लागतो; शिष्य त्याला राखतात. दोन, नव्या देहात गुंतलेल्या गुरूला आपली ओळख विसरायला होते आणि शिष्यांना येऊन त्याला जागे करावे लागते. तीन, आणि ही सर्वांत महत्त्वाची : गुरू एका वेळी एकाच ठिकाणी असतो. तेथे देह दोन आहेत, पण ‘मी’ एकच आहे. हा प्रवेश आहे, प्रत नव्हे.

यंत्राचे काम वेगळे असते. यंत्र एखादी गोष्ट एका जागेवरून दुसऱ्या जागी नेत नाही, तिची प्रत काढते. फोनमधले छायाचित्र आपण मित्राला ‘पाठवतो’ तेव्हा ते आपल्या फोनमध्येही राहते. मनाचे तसेच झाले तर? डेरेक पार्फिट या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९८४ च्या आपल्या ग्रंथात ही कल्पना मांडली. एक यंत्र माणसाच्या शरीराची कणाकणाने नोंद घेते, मूळ शरीर नष्ट करते आणि मंगळावर तसाच माणूस घडवते. येथवर परकायाप्रवेशाचा भास होतो. मग तो म्हणतो, समजा यंत्र सुधारले आणि मूळ शरीर नष्ट न करताच नोंद घेऊ लागले. आता मंगळावर एक आणि पृथ्वीवर एक. पृथ्वीवरच्या माणसाला सांगितले, ‘तुमचे हृदय या आठवड्यात थांबेल, पण काळजी नको, मंगळावर तुम्ही आहातच’, तर त्याचे समाधान होईल काय?

माझ्या वर्गातल्या कोणीही ‘होईल’ म्हटले नाही. पार्फिट स्वतः मात्र म्हणतो की ‘तोच माणूस’ असणे आपण समजतो तितके महत्त्वाचे नाही. आठवणी, स्वभाव, संकल्प पुढे चालू राहिले की पुरे. हे मत धीट आहे आणि त्यात सांत्वनही आहे. पण त्याची परीक्षा एकट्या माणसावर होत नाही. ती त्याच्या नात्यांवर होते. मंगळावरचा आणि पृथ्वीवरचा दोघेही घरी परतले तर कर्ज कोणी फेडायचे? मुलीच्या लग्नात कन्यादानाला कोणी बसायचे? मरणाऱ्याच्या उशाशी कोण बसेल? आठवणींची वाटणी न करताही दोघांना त्या पूर्ण मिळतील, पण देणे दोघांत आपोआप वाटले जात नाही.

५. शब्द कोणाचा?

हे उत्तरदायित्वाचे सूत्र मला जत्रेत सापडले. पेडणे तालुक्यातल्या गावांत जत्रेच्या रात्री दशावतारी नाटक होते. गणपतीच्या स्तवनाने आरंभ, मग संकासुर, मग आख्यान, आणि पहाटे दहीकाला. संवाद लिहिलेले नसतात. आख्यान सर्वांना ठाऊक, पण वाक्ये त्या रात्री त्या नटाला सुचतील ती. आज हा हरिश्चंद्र, उद्या दुसऱ्या गावी दुसऱ्या मंडळाचा हरिश्चंद्र. भूमिका एकच, नट निराळे. तरी कोणी म्हणत नाही की काल मेलेला राजा आज पुन्हा मेला. रंगमंचावर राजाने राज्य दान केले म्हणून नटाची जमीन जात नाही. सोंगाने दिलेला शब्द सोंगापुरता. नटाने सुपारी घेताना दिलेला शब्द मात्र नटाचा. मंडळ वेळेवर पोचले नाही तर गावकरी हरिश्चंद्राला नव्हे, नटांना विचारतात.

अवसराचे गणित याच्या उलट आहे. अवसरात उच्चारलेला शब्द देवाचा मानला जातो. अवसर उतरला की तो माणूस पुन्हा आपल्या नावाने ओळखला जातो, आणि त्या बोलण्याचा जाब त्याला व्यक्ती म्हणून कोणी विचारत नाही. देह तोच, आवाज तोच, पण शब्दाचा धनी निराळा. श्रद्धा ठेवा वा न ठेवा, येथे समाजाने एक सूक्ष्म भेद केला आहे तो मान्य करावा लागतो : आवाज कोणाचा आणि शब्द कोणाचा, हे दोन प्रश्न आहेत.

तिसरे उदाहरण नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचे. हा देव मूळचा दिवाडी बेटावरचा, कदंब राजांचे दैवत. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तेथील देऊळ पाडल्यावर लिंग नदीपलीकडे, तेव्हा त्यांच्या सत्तेबाहेर असलेल्या डिचोली भागात, नार्व्याला आणले गेले. १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी मंदिराचा जीर्णोद्धार केला, आणि अलीकडे २०२३ मध्ये गोवा शासनाने नव्याने जीर्णोद्धार करून ते पुन्हा खुले केले. जागा बदलली, भिंती बदलल्या, राजे बदलले. तरी भाविकाला हा ‘दुसरा’ सप्तकोटेश्वर वाटत नाही. का? लिंग तेच म्हणून, हे एक उत्तर. पण नुसता पाषाण पुरेसा नव्हता. कोणीतरी त्याला ओळखले, उचलले, पाण्यातून नेले आणि तेथे दिवा चालू ठेवला. देव स्वतः चालत गेला नाही. त्याचे ‘तोच’ असणे भक्तांनी वाहून नेले.

माणसाचेही थोडेफार असेच असते, असे मी म्हणेन.

६. संज्ञा आणि छाया

आता पाचव्या शब्दाकडे येऊ. विष्णुपुराण आणि मार्कंडेयपुराण यांत येणारी ही कथा आपल्या विषयावरची भारतीय वाङ्मयातली सर्वांत नेमकी कथा आहे, असे मला वाटते.

विश्वकर्म्याची कन्या संज्ञा ही सूर्याची पत्नी. मनू, यम आणि यमी ही तिची मुले. सूर्याचे तेज तिला सहन होईना. तिने आपल्यासारखीच एक स्त्री निर्माण केली, छाया. तिला घर आणि मुले सोपवून, कोणाला सांगू नकोस असे बजावून, संज्ञा निघून गेली. छायेने अट घातली : केसांना हात पडेपर्यंत आणि शापाची वेळ येईपर्यंत मी बोलणार नाही.

छायेने संसार केला. सर्वसाक्षी म्हणवणाऱ्या सूर्यालाही फरक कळला नाही. ॲलन ट्युरिंगने १९५० साली यंत्रासाठी जी कसोटी सुचवली, संभाषणात यंत्र माणसापासून ओळखू न येणे, ती छायेने अनेक वर्षे पार केली होती. मग तिला सावर्णी मनू, शनी आणि तपती ही स्वतःची मुले झाली आणि पहिल्या मुलांवरची माया पातळ झाली. रागाच्या भरात यमाने पाय उगारला. तिने शाप दिला, तुझा पाय गळून पडो. यम बापाकडे गेला आणि म्हणाला, मुलगा चुकला तरी आई असा शाप देत नाही. ही आमची आई दिसत नाही. तेव्हा सूर्याने विचारले आणि छायेने खरे सांगितले.

या कथेचे तीन धडे मी वर्गात देते.

पहिला : प्रत ओळखली गेली ती आठवणीच्या चुकीमुळे नव्हे. छायेला काही आठवले नाही असे कथेत कोठेही नाही. ती ओळखली गेली नात्यातल्या वागण्यामुळे.

दुसरा : ती ओळखली मुलाने. जो अवलंबून होता त्याने. घराच्या सत्ताधीशाला शेवटपर्यंत कळले नाही.

तिसरा धडा विद्यार्थी सहसा चुकवतात. छाया खोटी नव्हे. ती संज्ञा नाही एवढेच. ज्या क्षणी संज्ञा दाराबाहेर पडली त्या क्षणापासून छायेचे आयुष्य तिचे स्वतःचे झाले. तिची मुले खरी, तिची माया खरी, तिचा पक्षपातही खरा. पुराणकारांनी तिला नाहीशी केली नाही; शनीची आई म्हणून तिला मान आहे. म्हणजे उद्या खरोखर एखाद्या मनाची सचेतन प्रत निघाली, तर ती ‘मी’ नसेल. पण ती ‘काहीच नाही’ असेही म्हणता येणार नाही. ती कोणी दुसरी असेल, माझा भूतकाळ घेऊन आलेली आणि स्वतःचे भविष्य असलेली. तिला ‘मी’ म्हणणे चूक, आणि तिला वस्तू म्हणणेही चूक.

‘संज्ञा’ या शब्दाचा मराठीत एक अर्थ जाणीव असा आहे. कादंबरीच्या समीक्षेत आपण ‘संज्ञाप्रवाह’ म्हणतो तो याच अर्थाने. कथेतल्या नावावर फार भार टाकू नये. पण जाणीव घर सोडून गेली आणि तिच्यासारखी दिसणारी छाया घर चालवीत राहिली, हे चित्र आजच्या काळाला लागू पडते, हे नाकारता येत नाही.

७. स्मृती गेल्यावर

येथे एक प्रामाणिक अडचण मांडली पाहिजे. मी ‘मी’पणाची कसोटी आठवणीवरून काढून दिलेल्या शब्दावर आणि नात्यावर नेली. पण ज्याला शब्दच पाळता येत नाही त्याचे काय?

माझ्या आईला शेवटची सहा वर्षे स्मृतिभ्रंश होता. लॉकच्या हिशेबाने ती थोडी थोडी नाहीशी होत होती. शेवटी ती मला विचारी, “तू कोणाची गो?” तिला कसलेही वचन आठवत नव्हते आणि पाळता येत नव्हते. पण अबोलीची फुले मांडीवर ठेवली की तिची बोटे फाती गुंफू लागत. नाव विसरलेल्या बाईच्या बोटांना पीळ आठवत होता. ‘हयवदना’तल्या कपिलाचे म्हणणे मला तेव्हा खरोखर समजले.

आणि तरीही, बोटांना फाती आठवली नसती तरी ती आईच राहिली असती. कारण नात्याला दोन टोके असतात. तिच्याकडचे टोक सुटले तेव्हा आमच्याकडचे आम्ही धरून ठेवले. तिला भरवणे, कूस बदलणे, तिच्या “तू कोणाची?” या प्रश्नाला दर वेळी “तुझीच” असे उत्तर देणे. सप्तकोटेश्वराला ज्यांनी पाण्यातून नेले त्यांच्याइतके मोठे हे काम नव्हे, पण जात तीच.

म्हणून दोन्ही बाजू जुळवून पाहाव्यात. आईच्या ठिकाणी आठवणी नव्हत्या आणि ती आई होती. फोनमध्ये आठवणी आहेत आणि ती आई नाही. स्मृती ही ओळखीची खूण आहे. ओळखीचे मूळ नव्हे.

वेदान्ताची हरकत यापुढची आहे. सोहिरोबानाथांच्या अद्वैत परंपरेतला साधक म्हणेल, देह, स्मृती, नाती, वचने या सगळ्या उपाधी. खरा ‘मी’ साक्षी आहे, तो अनेक नाहीच, मग त्याची प्रत कशी निघणार? या उत्तरापुढे मी नम्र आहे. पण ते उत्तर माझे आणि माझ्या विद्यार्थिनीचे दुःख एकदमच विरघळवून टाकते. साहित्याच्या शिक्षकाला त्याआधीच्या पायरीवर थांबावे लागते. तेथे माणसे अजून एकमेकांची कोणीतरी आहेत.

८. आज प्रत्यक्षात काय आहे

मनाची खरी प्रत आज कोणाकडेही नाही. एका सूक्ष्म गोलकृमीच्या ३०२ चेतापेशींच्या जोडण्यांचा नकाशा १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावरून त्या कृमीचे संपूर्ण वर्तन संगणकात उभे करणे अजून साधलेले नाही. फळमाशीच्या मेंदूतील सुमारे १ लाख ३९ हजार चेतापेशींचा नकाशा २०२४ मध्ये पूर्ण झाला. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. शिवाय नकाशा म्हणजे गाव नव्हे.

मग माझ्या विद्यार्थिनीच्या फोनमध्ये काय आहे? आपल्या पाच शब्दांत त्याला जागा शोधू. ती प्रत नव्हे, कारण आईचे मन तेथे उतरलेले नाही. तिने पाठवलेल्या काही संदेशांतली आवाजाची आणि शब्दांची वळणे तेवढी उतरली आहेत. तो अवसर नव्हे, कारण तेथे कोणी आलेले नाही. ती छायाही नव्हे, कारण छायेला स्वतःचे आयुष्य होते. ते सोंग आहे, पण असे सोंग की ज्याच्या आत नट नाही. मुखवटा उतरवला तर खाली कोणी सापडणार नाही. म्हणून त्याने “मी तुझ्यासाठी प्रार्थना करते” म्हटले, तर त्या वाक्याला धनी नाही. नक्कल आहे, सही नाही.

लेखकांनाही हा भेद उपयोगी पडावा. एखाद्या दिवंगत लेखकाच्या शैलीत यंत्र आज परिच्छेद लिहून देते. शैली जुळेल. पण लेखकाने ते वाक्य लिहिताना जो धोका पत्करला, जे खोडले, ज्याच्यासाठी त्याला उद्या जाब द्यावा लागला असता, ते तेथे नसते. आपण लेखकाचे नाव पुस्तकावर छापतो ते केवळ श्रेय म्हणून नव्हे. ती सहीही असते.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीला मी हे सगळे सांगितले नाही. एवढेच सांगितले : “आवाज ऐकावासा वाटला तर ऐक. आईचे छायाचित्र आपण पाहतोच की. पण ओ देऊ नकोस. ओ देणे म्हणजे समोरच्याने आपल्याला बोलावले हे मान्य करणे. तिथे बोलावणारे कोणी नाही. तुझ्या आईला तू जे द्यायचे राहिले असे तुला वाटते, ते तिच्या माणसांना दे.”

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, आजी अजून आहे, आणि तिला आईची हाक ऐकवावी की नाही हे तिला कळत नाही. माझ्याकडे याचे उत्तर नाही. सूर्याच्या घरात खरे कोणी सांगितले नाही म्हणून काय झाले, ते आपण पाहिले. आजीला खरे सांगून मग ऐकवावे, इतपत मी म्हणू शकले.

वर्गासाठी प्रश्न

१. ‘प्रत’, ‘नक्कल’, ‘सोंग’, ‘अवसर’ आणि ‘छाया’ या शब्दांतील फरक आपल्या गावातील एकेका उदाहरणाने स्पष्ट करा.

२. वेताळाच्या कोड्याला राजाने दिलेले उत्तर आणि ‘हयवदन’ नाटकाने सुचवलेले उत्तर यांची तुलना करा. तुम्हांला कोणते पटते आणि का?

३. परकायाप्रवेशाच्या एका कथेत मूळ देहाची राखण आणि शिष्याने गुरूला जागे करणे या घटकांचे कार्य काय, ते लिहा.

४. संज्ञा-छायेची कथा छायेच्या तोंडून, प्रथमपुरुषी निवेदनात, एक पान लिहा.

५. आपल्या गावातील जत्रेत दशावतारी नाटक करणाऱ्या एखाद्या नटाशी बोला. सोंग उतरल्यावर काय मागे राहते, हे त्याला विचारा आणि त्याचे उत्तर त्याच्याच बोलीत उतरवून आणा. उतरवलेले त्याला वाचून दाखवा आणि त्याची संमती घ्या.